डबा गॅरेजमध्ये का ठेवला

"अरे, ती तर कुणाशी बोलतसुद्धा नाही. तिच्यासाठी पोलीस?"

हे मला ऐकवण्यासाठी नव्हतं. आमच्या टीममधला पुण्याचा एक सीनियर कॉफी मशीनपाशी दुसऱ्याला सांगत होता. हळू आवाजात, मराठीत. त्याला वाटलं मी पुढे गेले. मी मागेच होते. दुसरा म्हणाला, "असलेच असतात रे. गप्प राहणारे." दोघंही हसले.

रिसेप्शनवर दोन पोलीस उभे होते. एक उंच पुरुष आणि एक बाई, साधारण माझ्याच वयाची. तिनं कागदावर बघून माझं नाव वाचलं. पूर्ण नाव, मधल्या, वडिलांच्या नावासकट. अडखळत, तुकडे करत, पण पूर्ण. काचेच्या भिंतीपलीकडे आमचा अख्खा मजला होता. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. म्हणजे सगळे बघत होते.

"हा कोर्टाचा आदेश आहे," ती म्हणाली. "प्रोटेक्शन ऑर्डर. अर्जदाराला आणि त्याच्या आईवडिलांना तुमच्यापासून संरक्षण."

माझ्यापासून.

लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर मी पुढच्या लिफ्टची वाट बघते. मीटिंगमध्ये उत्तर येत असतं तेव्हा मी ते चॅटमध्ये टाइप करते. अशा माझ्यापासून तीन माणसांना संरक्षण हवं होतं.

तिनं नियम सांगितले. फोन नाही, मेसेज नाही, ईमेल नाही, कुणाच्या हाती निरोपसुद्धा नाही. त्यांचं घर, त्याचं ऑफिस आणि महाराष्ट्र मंडळाचा हॉल, तिन्ही ठिकाणी फिरकायचं नाही. एकही नियम मोडला तर त्याच दिवशी अटक. पुढच्या गुरुवारी सुनावणी. "तुम्ही आला नाहीत तर निकाल तुमच्याशिवाय लागेल. आणि हा आदेश कायमचा होईल."

कायमचा म्हणजे काय हे मी व्हिसावर असल्यामुळे मला लगेच कळलं. बोटांचे ठसे. सरकारी यादीत नाव. पुढच्या वेळी व्हिसा वाढवताना कुणीतरी संगणकावर ते नाव बघणार. नोकरी गेली की या देशात साठ दिवस, मग बॅगा.

"घरात काही शस्त्रं आहेत?"

"नाही."

"बंदूक? चाकू?"

"भाजी कापायचा आहे."

ती हसली नाही. तिनं लिहून घेतलं.

मी सही केली. कागद हातात घेतले. आणि मी म्हणाले, "थँक यू." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला गुन्हेगार ठरवणारा कागद आणून देणाऱ्यांना मी थँक यू म्हणाले. माझं शिक्षणच तसं झालं होतं.

पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. अर्जदार रोहन. प्रतिवादी मी. प्रतिवादीनं आपल्या कुटुंबाबद्दल खरी माहिती लपवली. नातं संपल्यावर नऊ दिवसांत चौदा मेसेज केले. अर्जदाराचा पाठलाग करत नाटकाच्या तालमींना आली. शनिवारी सकाळी न बोलावता घरी आली, दाराशी बराच वेळ घुटमळली आणि अनोळखी पांढरा पदार्थ भरलेला धातूचा डबा ठेवून गेली. कुटुंबाला जिवाची भीती वाटली. डब्याला कुणीही हात लावला नाही.

अनोळखी पांढरा पदार्थ.

नारळाच्या वड्या होत्या त्या.

रोहन इथेच, अमेरिकेत, एडिसनमध्ये जन्मला, वाढला. त्याचे वडील हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. इथे आलेल्या पहिल्या मराठी माणसांपैकी. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणतात. मंडळात त्यांच्या आधी कुणी आरतीचं ताट उचलत नाही. मंडळाच्या नाटकात रोहनला काम होतं आणि मला प्रॉम्प्टिंग. त्याला देवनागरी वाचता येत नाही, त्याचे संवाद इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असायचे. विंगेत खाली बसून मी त्याला त्याची वाक्यं कुजबुजत सांगायचे. माझ्यासारखीला ते काम बरोबर होतं. वाक्य माझ्या तोंडून निघायचं, टाळ्या त्याला पडायच्या. तिथेच ओळख झाली. वर्षभर आम्ही बरोबर होतो. अर्जात त्या तालमींचं नाव पाठलाग झालं.

दिवाळीत त्यानं मला पहिल्यांदा घरी नेलं. काकू, म्हणजे त्याची आई, प्रेमानं वागल्या. "नागपूरची ना तू? पण किती शुद्ध बोलतेस गं! नागपूरकडचं वाटतच नाही." मी हसले. कौतुक म्हणून घेतलं. निघताना त्यांनी एका जुन्या स्टीलच्या डब्यात चिरोटे भरून दिले. डब्याच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. "माझ्या आईचं नाव आहे. नीट ठेव बाई, परत आण." मी म्हटलं, "आणते, काकू."

आमचं आडनाव गावावरून घेतलेलं. शेवटी 'कर'. त्यावरून कुणाला काही कळत नाही. आजोबांनी ते विचार करूनच घेतलं होतं.

फेब्रुवारीत त्यांनी जेवायला बोलावलं. डॉक्टरकाकांनी वरणभात कालवता कालवता विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?" मी सांगितलं. "आणि कुलदैवत?"

खोटं बोलता आलं असतं. कॉलेजात मी दोनदा बोलले होते. पण त्या घरात आपल्याला राहायचंय असं मला तेव्हा वाटत होतं.

"आमच्याकडे कुलदैवत नाही, काका. आम्ही बौद्ध."

"अच्छा," काका म्हणाले. "अच्छा, अच्छा. छान. शांततेचा धर्म आहे." मग खिडकीकडे बघून म्हणाले, "रविवारी बर्फ आहे म्हणे." काकू कोशिंबीर आणायला उठल्या. कोशिंबीर टेबलावरच होती.

परत येताना गाडीत रोहन म्हणाला, "यू कुड हॅव वॉर्न्ड मी, यार."

वॉर्न. वादळाची, साथीच्या रोगाची आगाऊ सूचना देतात, तशी. 

दोन आठवड्यांनी त्याचा वाढदिवस. टेबलावर तीन स्टीलची ताटं आणि एक कागदाची प्लेट. "तुला हलकी पडेल म्हणून," काकू म्हणाल्या. मी जेवले. त्या प्लेटमध्ये मी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं, कुणाला काही वाटू नये म्हणून. जेवण झाल्यावर उठून प्लेट स्वयंपाकघरात न्यायला निघाले तर काकू एकदम पुढे आल्या. "राहू दे, राहू दे. तिथेच ठेव." डॉक्टरकाकांनी ती प्लेट दोन बोटांनी कडेला धरली. स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबा होता. ते तो ओलांडून गॅरेजमध्ये गेले. परत आले आणि सिंकपाशी हात धुतले. साबण लावून, मनगटापर्यंत. ऑपरेशनच्या आधी धूत असतील तसे.

मी बघितलं. बोलत नाही त्या माणसाला बघायची सवय असते. रोहननंही बघितलं. मग तो फोनमध्ये बघायला लागला.

चार दिवसांनी त्याचा मेसेज: आय नीड स्पेस.

मी चौदा मेसेज केले, हे खरं आहे. एकदा फोन कर. माझं काय चुकलं ते तरी सांग. माझं जॅकेट तुझ्या गाडीत आहे. एकदा फोन कर. आज ते वाचताना लाज वाटते. पण एकाही मेसेजमध्ये धमकी नाही. भीक आहे. चौदावा होता: काकूंचा डबा माझ्याकडे राहिलाय, शनिवारी सकाळी आणून देते. त्यावर त्याचं उत्तर आलं होतं. अंगठा. वर केलेला.

माझ्या आईनं मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. आपल्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मी वड्या केल्या. पहिला घाणा बिघडला, पाक पुढे गेला, नुसता भुगा झाला. दुसऱ्यांदा नारळ आणला. वड्या पांढऱ्याशुभ्र पडल्या. कडेच्या वेड्यावाकड्या मी खाल्ल्या, मधल्या चौकोनी डब्यात भरल्या. दाराशी उभं राहून बेल वाजवली. कुणी उघडलं नाही. दोन्ही गाड्या दारातच उभ्या होत्या. बेलमधल्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला होता. मी केस सारखे केले. कॅमेऱ्यात नीट दिसावं म्हणून. "काकू, डबा," असं त्या दिव्याला म्हणाले आणि डबा पायरीवर ठेवून आले.

ते घुटमळणं.

पोलीस येऊन गेल्यानंतरच्या सोमवारी शैलामावशींचा फोन आला. मंडळाच्या सेक्रेटरी. "ये गं चहाला. ओक ट्री रोडवर भेटू." त्यांनी माझ्यासाठी समोसासुद्धा मागवून ठेवला होता.

"तू किती गोड मुलगी आहेस. कधी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आम्हाला सगळ्यांना कित्ती वाईट वाटतंय." पर्समधून त्यांनी एक पाकीट काढलं. "डॉक्टरसाहेबांचं मन मोठं आहे. यावर सही कर, केस मागे घेतील. कोर्टात त्यांना काही रस नाही गं. पुढच्या महिन्यात रोहनचा साखरपुडा आहे, फ्रिस्कोला, मुलीच्या गावी. मुलीकडच्यांच्या कानावर काही जायला नको, एवढंच."

एवढंच. मला तेव्हा कळलं. मी कुठे काही बोलण्याआधीच माझं तोंड बांधलं होतं. कोर्टाच्या दोरीनं.

पत्र इंग्लिशमध्ये होतं. मी माझ्या कुटुंबाच्या पार्श्वभूमीबद्दल जाणूनबुजून दिशाभूल केली. माझ्या वागण्यानं एका प्रतिष्ठित कुटुंबाला त्रास झाला. मी बिनशर्त माफी मागते. यापुढे मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला येणार नाही.

"पार्श्वभूमी म्हणजे?" मी विचारलं. एवढंच विचारलं, तेही टेबलाकडे बघत.

"अगं, ते वकील लिहितात काहीतरी. जातबित काही नाही हं त्यात. अमेरिकेत कुठली आलीय जात! डॉक्टरसाहेबांनी आयुष्यभर सगळ्या प्रकारच्या लोकांना हात लावलाय. काळे, गोरे, सगळे. कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत." त्यांनी समोसा माझ्याकडे सरकवला. "खा ना. आणि हे बघ, तुझ्या व्हिसाचाही विचार कर. उगाच शिकलीसवरलेली मुलगी तू."

पेन त्यांनी आणलं होतं. मी ते हातात घेतलं. खरं सांगते, मी सही करणार होते. टोपणसुद्धा काढलं होतं. मग म्हटलं, "घरी वाचून देते." ते धैर्य नव्हतं. मला कुणासमोर पटकन काही करता येत नाही, म्हणून फक्त.

नागपूरला फोन केला. बाबा बँकेतून अधिकारी म्हणून रिटायर झालेत. सगळं ऐकून म्हणाले, "सही करून टाक बेटा. आपण तिकडे कुणाशी भांडायला नाही गेलो. नोकरी सांभाळ." आई मागून काहीच बोलली नाही. मला ते मौन ओळखीचं होतं. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी घरी येणार असल्या की हॉलमधला निळ्या कोटातला फोटो आतल्या खोलीत जायचा. आईच काढायची, त्या गेल्या की आईच परत लावायची. पदरानं पुसून. कुणी मला सांगितलं नाही की का. मीही विचारलं नाही.

आमची शाळा कॉन्व्हेंट. सातवीत एकदा ऑफिसातला क्लार्क वर्गात आला, हातात स्कॉलरशिपचे फॉर्म. टीचर म्हणाल्या, "एससी स्टुडंट्स, स्टँड अप." मनीषा उभी राहिली. एकटी. पन्नास मुलींनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. मी पण वळवली. बाबा तो फॉर्म भरत नसत, म्हणून माझं नाव यादीत नव्हतं. पण टीचरनी यादी वाचली नव्हती. त्यांनी उभं राहायला सांगितलं होतं. मनीषाला माझ्याबद्दल माहीत होतं. आमच्या आया एकाच विहारात जायच्या. तिनं एकदा जरी माझ्याकडे बघितलं असतं तरी सगळ्यांना कळलं असतं. तिनं बघितलं नाही. फळ्याकडे बघत उभी राहिली. बारा वर्षांच्या त्या मुलीनं मला वाचवलं आणि मी बसून राहिले. मधल्या सुट्टीत मी दुसऱ्या मुलींबरोबर डबा खाल्ला.

पत्रातली ती ओळ मला म्हणून टोचत होती. दिशाभूल. ते खोटं होतं, कारण त्यांनी विचारल्याबरोबर मी सांगितलं होतं. आणि ते खरंही होतं. फक्त माफी त्यांची मागायची नव्हती.

वकिलाशिवाय कोर्टात उभं राहणाऱ्यांसाठी एक मोफत कायदेशीर मदतीचा नंबर असतो. फोन घेणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. समोरच्यांनी कोर्टात काय पुरावा दिलाय त्याची प्रत मागा. आणि त्यात दुसऱ्या भाषेतलं काही असेल तर दुभाषा मागा, आधीच.

मंगळवारी दुपारी प्रत आली. माझे चौदा मेसेज, अंगठा वगळून. आणि दाराच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ. मी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून तो लावला. पहिल्या चाळीस सेकंदांत मी आहे. निळा कुर्ता, केस सारखे करणारी. मी फ्रेममधून जाते. मग व्हिडिओ चालूच राहतो. त्यांनी पूर्ण फाइल दिली होती. तपासली नव्हती. कशाला तपासतील?

दार उघडतं. काकू वाकून बघतात. झाकण काढतात.

आतून डॉक्टरकाका: "काय ठेवून गेली?"

"आईचा डबा आणलाय हो. नारळाच्या वड्या आहेत. ताज्या दिसतायत."

"डबा आत आणू नकोस."

रोहन दारात येतो. शॉर्ट्समध्ये. एक वडी उचलतो आणि तोंडात टाकतो. "दीज आर गुड, अ‍ॅक्च्युअली."

"अरे! कळत नाही तुला?" काका आता दारात दिसतात. "जा, हात धू आधी. चूळ भर." मग काकूंना: "फेकून दे त्या. त्यांच्या हातचं घरात नको."

"आईचं नाव आहे त्यावर. डबा कसा फेकू?"

"मग बाहेरच्या नळाखाली धू आणि गॅरेजमध्ये ठेव. देवघराकडे आणायचा नाही."

रोहन हसतो. "डॅड, कॅमेरा चालू आहे."

"असू दे. इथे कुणाला कळतंय मराठी?"

काकू वड्या पायरीशेजारच्या झुडपात उपड्या करतात. डबा उलटा धरून बुडावर थाप मारतात. दोनदा. चिकटलेली एखादी सुद्धा राहू नये म्हणून. मग दार बंद होतं.

मी तो भाग चार वेळा बघितला. रडू आलं नाही. शेजारच्या सीटवर माझा स्वतःचा जेवणाचा डबा होता. मी तो उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत जेवले. मग फोनवरून दुभाष्यासाठी अर्ज केला. भाषा: मराठी. मावशींचं पत्र दोनदा फाडलं आणि गाडीतल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

बाबांना व्हिडिओ पाठवला नाही. असले आवाज त्यांनी पुरेसे ऐकलेत.

गुरुवारी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर ते तिघं आणि शैलामावशी बसले होते. थर्मासमधून चहा घेत होते. डॉक्टरकाका सुटात. त्यांचा वकील माझ्याजवळ आला. "ते पत्र अजून खुलं आहे. आत गेल्यावर नसेल." मी मान हलवली. नाही म्हणून.  

न्यायाधीश बाई होत्या, वयस्कर. शपथ झाली. रोहननं सांगितलं की त्याला झोप लागत नाही. दार उघडायची भीती वाटते. आवाज थोडा कापरा केला त्यानं. तालमींपेक्षा चांगलं काम केलं. इथे प्रॉम्प्टर लागला नाही. वकिलानं पडद्यावर व्हिडिओ लावला. चाळीस सेकंद, आवाज बंद. काकूंनी टिश्यूनं डोळे टिपले.

"प्रतिवादी, तुम्हाला अर्जदाराला काही विचारायचंय?"

मी उभी राहिले. प्रश्न कार्डावर लिहून आणले होते.  पाठ होते, तेच म्हणाले. "माझ्या चौदाव्या मेसेजला तू अंगठा पाठवलास का?" त्यानं वकिलाकडे बघितलं. "आय डोन्ट रिमेंबर." मी माझा फोन पुढे केला. न्यायाधीशांनी बघितला, परत दिला. मग मी म्हणाले, "कोर्टात दिलेला व्हिडिओ यापेक्षा मोठा आहे. पूर्ण लावा. आवाजासकट."

वकील उठला. पुढचं घरगुती संभाषण आहे, परक्या भाषेत आहे, याच्याशी संबंध नाही. न्यायाधीश म्हणाल्या, "पुरावा तुम्हीच दिलाय. लावा."

दुभाषा फोनवर होता. कुठल्या शहरात बसला होता कोण जाणे. मराठी माणूस, मध्यमवयीन आवाज. एकेक वाक्य थांबवून तो इंग्लिशमध्ये सांगत गेला. वड्या. ताज्या. दीज आर गुड. हात धू. "त्यांच्या हातचं घरात नको" पाशी तो थांबला. स्पीकरवर नुसती खरखर आली.

"दुभाषा?"

त्यानं घसा साफ केला. आणि सांगितलं. शब्दाला शब्द. "इथे कुणाला कळतंय मराठी" हेही सांगितलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुम्ही अर्जात शपथेवर लिहिलंय, डब्याला कुणी हात लावला नाही."

रोहन म्हणाला, "आय जस्ट हॅड वन."

"तुम्ही खाल्लंत. म्हणजे त्यात काही वाईट नव्हतं. मग डबा गॅरेजमध्ये का ठेवला?"

खरंच त्यांना कळलं नव्हतं. त्या बाईंनी सरळ विचारलं होतं, लहान मूल विचारतं तसं. रोहननं वडिलांकडे बघितलं. डॉक्टरकाका खालच्या फरशीकडे बघत होते. 

वकील घाईनं उठला. अर्जदार अर्ज मागे घेत आहे. स्वखुशीनं.

मग सगळं फार पटकन झालं. न्यायाधीशांनी रोहनला दोन प्रश्न विचारले, तो हो म्हणाला. आदेश रद्द. यादीत नाव नाही. ठसे नाहीत. "तुम्ही जाऊ शकता," त्या मला म्हणाल्या.

काकूंनी पर्सची चेन लावली. मावशींनी थर्मास पिशवीत टाकला. एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. रविवारी ते मंडळात असतील. पुढच्या महिन्यात फ्रिस्कोला पेढे वाटतील. गैरसमज झाला होता, मिटला, असं सांगतील. आणि मी सुटले म्हणून घरी जाऊन दार लावून घेईन. माझ्याकडून त्यांची तेवढीच अपेक्षा होती. बाबांचीही. माझीही, त्या क्षणापर्यंत. व्हिसा शाबूत. नोकरी शाबूत. गप्प बसायचं, एवढीच किंमत. ती मी सातवीपासून देत आलेय.

मी उभीच होते.

"आणखी काही?" न्यायाधीशांनी विचारलं.

इंग्लिशमध्ये मला सांगता आलं असतं. माझं इंग्लिश चांगलं आहे, त्यासाठीच तर मला त्या शाळेत घातलं होतं. पण इंग्लिशमध्ये मी इतकी वर्षं लपले होते. आणि मला ते या तिघांना त्यांच्याच भाषेत ऐकवायचं होतं. मी दुभाष्याला लाइनवर थांबायला सांगितलं. डॉक्टरकाका उठून दाराकडे निघाले होते. हात कोटाच्या बटणावर. आदेश रद्द झाला होता. आता मला त्यांच्याशी बोलायला कायद्याची मनाई नव्हती.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मोठा होता.

"तुम्ही विचारलंत, डबा गॅरेजमध्ये का ठेवला. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी देते, रेकॉर्डवर घ्या. मी दलित आहे, म्हणून ठेवला. माझ्या हातची वडी यांच्या मुलानं खाल्ली आणि माझा हात लागला म्हणून यांनी काकूंच्या आईचा डबा घराबाहेर काढला. हे मी इथे सांगतेय, मंडळात सांगणार आहे, जिथे विचारतील तिथे सांगणार आहे. डॉक्टरकाका, खाली बसा. माझं अजून सांगून झालेलं नाही."